सेफ्टीकाकांचं इलंड

सेफ्टीकाकांनी आयुष्यात कुणालाही 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारलं नाही. मराठी माणसाच्या दृष्टीने हे केवढं कडक व्रत आहे ते तुम्हाला सांगायला नको. परदेशात दोन मराठी माणसं भेटली की नाव झाल्याबरोबर गाव, गाव झाल्याबरोबर गल्ली, आणि गल्ली झाल्याबरोबर 'मग अमक्यांना ओळखत असाल' इथवर मजल जायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. काका मात्र तोंडाला कुलूप लावून बसत. "विचारून कळलं तर त्यात मजा काय?" ते म्हणत. "शुक्रवारी फार्मवर चला. माझं मी ओळखतो."

काका कतारमध्ये अल खोरला आमच्या कॉलनीत राहत आणि रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर होते. त्यांचं खरं आडनाव निम्म्या कॉलनीला माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना आठवत नव्हतं. पहाटे कंपनीच्या बसमध्ये चढले की आधी दोन्ही बाजूंच्या सीटांवरून नजर फिरवत आणि "यल्ला, बेल्ट!" असा पुकारा करत. बस इतकी सरावली होती की माणसं झोपेतच बेल्ट लावत आणि पुढे घोरत. कॉलनीच्या गणपतीत आरतीच्या तबकाशेजारी आग विझवायचं लाल सिलिंडर ठेवणारा हा जगातला एकमेव गृहस्थ असावा. काकू त्या सिलिंडरलाही न चुकता हळदकुंकू लावत. मग नवीन आलेली मंडळी हा कुठला देव म्हणून त्यालाही हात जोडत, आणि काका लांबून गालातल्या गालात हसत उभे राहत.

नियमाच्या बाबतीत मात्र हसणं नाही. "अपवाद म्हणजे उद्याचा अपघात" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्लांटच्या गेटवर एकदा त्यांनी खुद्द स्वतःच्या साहेबाला सेफ्टीचे बूट घातले नाहीत म्हणून परत पाठवलं होतं. स्वतःसाठी त्यांनी कधी एक दिवसाची जादा रजाही मागितली नव्हती. मागणं म्हणजे समोरच्याला नियम वाकवायला लावणं, आणि ते पाप आपल्या हातून होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. काकू म्हणत, "अहो, देवापुढेसुद्धा हे काही मागत नाहीत. नुसतं निरांजन पडद्यापासून लांब आहे ना, तेवढं बघतात."

आता तो फार्म. अल खोरहून आत वाळवंटाकडे थोडं गेलं की एका कतारी गृहस्थांचा खासगी फार्म होता. मालकांना जनावरांचा शौक. तिथला राखणदार इद्रीस, सुदानचा, काकांचा जिगरी दोस्त. ही दोस्तीसुद्धा कुंपणाच्या उंचीवरून झालेल्या भांडणातून झाली होती. त्या कुंपणाआड होती इलंड. गवताळ आफ्रिकेतलं हे हरीण. हरीण म्हणायचं आणि बैलाएवढं असायचं. तांबूस-करडा रंग, अंगावर पुसट पांढरे पट्टे, पीळ दिलेली सरळ शिंगं आणि गळ्याखाली बैलासारखी लोंबणारी पोळी. नर चालायला लागला की गुडघ्यांतून टकटक आवाज येतो. "ह्याला मेडिकलमध्ये फिट कोण करणार?" काका म्हणत.

काकांनी हे जनावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "आयला, खिल्लार!" काका साताऱ्याकडचे, माणदेशी. खिल्लारी बैलांमध्ये वाढलेले. इद्रीसने मान हलवून खरं नाव सांगितलं. मग काकांनी घरी येऊन त्या नावाच्या मुळाशी कोण आहे याचा छडा लावला आणि जे सापडलं त्याने त्यांना एवढा आनंद झाला की पुढची सगळी वर्षं तो आनंद आम्हाला ऐकावा लागला.

"शेकडो वर्षांपूर्वी डच मंडळी जहाजातून दक्षिण आफ्रिकेत उतरली," काका कुंपणाला रेलून सांगत. "बघतात तर माळावर बैलाएवढं हरीण. असलं काही बापजन्मी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या तिकडं, उत्तरेच्या थंड जंगलात, एक दांडगं हरीण असतंय. त्याला ते म्हणतात इलंड. त्याची शिंगं वेगळी, थोबाड वेगळं. त्याला बर्फ लागतं, ह्याला ऊन. कशाचा कशाला पत्ता नाही. पण घरची आठवण आली ना राव! म्हणाले, हेच आपलं इलंड. झालं. तेच नाव चिकटलं ते आजपर्यंत. दुसरं एक दिसलं, त्याला म्हणाले हरणासारखं जनावर, हार्टेबीस्ट. तिसऱ्यापर्यंत डोकंच चालेना, नुसतं रानटी जनावर म्हणून मोकळे झाले. तेच तुमचं वाइल्डबीस्ट." आणि वर, "म्हणजे नाव जनावराचं नसतंय. बघणाऱ्याच्या गावाचं असतंय."

यावरच काकांची परीक्षा बेतलेली होती. कॉलनीत नवीन मराठी माणूस आला की पहिल्या शुक्रवारी त्याला फार्मवर नेऊन इलंडासमोर उभं करायचं आणि विचारायचं, "हे काय?" विचार करायला वेळ द्यायचा नाही. तोंडातून जे पहिलं निघेल ते उत्तर. 'रोही', म्हणजे नीलगाय, म्हणाला की विदर्भ. 'गवा' म्हणाला की कोल्हापूर नाहीतर तळकोकण, आणि दोन्हींतलं कुठलं ते दुसऱ्या वाक्याच्या सुरावरून. मुंबईकर 'गाय' म्हणतो आणि बरोबर आहे का म्हणून बायकोकडे बघतो. पुणेकर उत्तरच देत नाही, आधी पाटी कुठे लावलीय ते शोधतो. माझ्या तोंडून 'नंदी' निघालं. काकांनी डोळे मिटून घेतले. "नाशिक. देवळाच्या हाकेवर घर." मी पंचवटीतला! तेव्हापासून कॉलनीत माझं नाव नंदी पडलं, आणि माझी बायको अनघा घरातसुद्धा त्याच नावाने हाका मारू लागली.

एकदाच काकांना हार खावी लागली. कराराने आलेला एक आयटीवाला होता. त्याने प्रश्न ऐकल्याबरोबर खिशातून मोबाईल काढला, जनावराचा फोटो घेतला आणि अचूक नाव, वजन, आयुर्मान सगळं वाचून दाखवलं. काका एवढे खट्टू झाले की परतीच्या वाटेवर बोलले नाहीत. कॉलनीच्या गेटशी उतरताना फक्त म्हणाले, "ह्या पोराला गावच नाही रे."

ते दिवस वर्ल्ड कपच्या तयारीचे होते. अल खोरबाहेर तंबूच्या आकाराचं अवाढव्य स्टेडियम उभं राहत होतं. रस्त्यांचा तर भरवसाच उरला नव्हता. सकाळी ज्या वाटेने कामाला जावं ती संध्याकाळी परत येताना जागेवर नसे, आणि मोबाईलमधली वाट सांगणारी बाई हताश होऊन गप्प बसे. काका बसच्या खिडकीतून त्या स्टेडियमकडे बघत ते फक्त कुणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही ते शोधायला. फुटबॉलमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. "एका चेंडूमागं एवढी माणसं, आणि एकाच्याही डोक्याला हेल्मेट नाही," हे त्यांचं त्या खेळाविषयीचं संपूर्ण मत.

रस होता तो जुईला. काकांची एकुलती एक मुलगी. जन्म दोह्याचा, बालपण सगळं अल खोरच्या कॉलनीत. तिला मराठी सगळं कळे, शिव्यांसकट; उत्तर मात्र इंग्रजीत येई. बारावी होत आली होती, नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, आणि वर्ल्ड कपसाठी जे स्वयंसेवक निवडले त्यात तिचा नंबर लागला होता. तोही आमच्याच त्या तंबूच्या स्टेडियमवर. दिवसभर ती कॉलनीत नाचत होती. माझ्या आठवणीत अठरा वर्षांची मुलगी कुणाच्या घरी साखर मागायला नाचत आलेली तेवढी एकदाच.

पण माशी शिंकली. कंपनीत साठी झाली की करार संपतो. काकांची साठी त्याच वर्षीच्या जूनमध्ये, आणि वर्ल्ड कप नोव्हेंबरात. काका गेले की त्यांच्या व्हिसावरची मुलगीही गेली. साहेबांना शब्द टाकला तर सहा महिने वाढवून मिळत. कितीतरी जणांना मिळाले होते. जुई म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क. एव्हरीबडी आस्क्स." काका म्हणाले, "सगळे मागतात म्हणूनच मी मागणार नाही." साताऱ्याला घर बांधून तयार होतं, पुण्यात तिच्या इंजिनिअरिंगची चौकशी झाली होती. वर्षभर कॉलेज थांबेल, असं जुई म्हणाली तेव्हा तर काकांना दरदरून घाम फुटला. "आपल्या घरी जायला उशीर कशासाठी करायचा?" त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या दिवसापासून बापलेकीत अबोला सुरू झाला. काकू मधल्यामध्ये दुभाष्याचं काम करू लागल्या. "तिला सांग, जेवायला चल," "ही म्हणतेय, भूक नाही," असं एकाच टेबलावर चाले.

मेच्या सुरुवातीला एका शुक्रवारी सकाळी काका इद्रीसचा निरोप घ्यायला निघाले. माझी गाडी, पुढे काका, मागे काकू, अनघा आणि कानांत गाणी खुपसून बसलेली जुई. तिला काकूंनी जवळजवळ ओढून आणलं होतं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत जुई त्या फार्मवर कधी गेली नव्हती. बापाच्या विनोदांना कंटाळलेली मुलं जशी लांब राहतात तशी ती लांब राहिली होती, आणि काकांनीही कधी आग्रह केला नव्हता. परीक्षा परक्यांची घ्यायची. घरच्या पोरीचं काय विचारायचं? ती साताऱ्याची हे ठरलेलंच होतं.

इद्रीसने चहा आणि खजूर पुढे केले. काका त्याला अरबी, हिंदी आणि हातवारे मिळून बनलेल्या भाषेत कुंपणाबद्दल शेवटच्या सूचना देत होते. जुई एकटीच कुंपणाशी उभी होती. तेवढ्यात एक थोराड नर टकटक करत अगदी तिच्या समोर आला आणि रवंथ करत तिच्याकडे बघू लागला. तिने कानांतली गाणी काढली. काकांना राहवलं नाही. अबोला मोडायला यापेक्षा बरं निमित्त कुठलं मिळणार? ते तिच्या मागे जाऊन मोठ्याने म्हणाले, "हे काय?"

जुईने वळूनही पाहिलं नाही. "लुक्स लाइक अ फॅट ओरिक्स," ती म्हणाली. जाडा ओरिक्स.

ओरिक्स म्हणजे कतारचं राष्ट्रीय जनावर. पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा. इथल्या शाळांतली मुलं चित्र काढायला बसली की पहिलं जनावर तेच काढतात, आणि सहलीला त्यालाच बघायला जातात. मला तेवढी पोच हवी होती; पण इतकी वर्षं नंदी म्हणवून घेतल्याचं उट्टं काढायची संधी आली होती. मी ओरडलो, "काका, निकाल लावा! मुलगी कुठली?" अनघा हसली, काकूही हसल्या. इद्रीसला परीक्षा तोंडपाठ होती. त्याने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "बिंत कतर! कतरची बेटी!"

मग हळूहळू सगळ्यांचं हसणं थांबलं, कारण काका हसत नव्हते. ते त्या जनावराकडे बघत होते आणि जनावर जुईकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला माझा तो आगाऊ प्रश्न परत गिळावासा वाटला. जुईला काही कळेना. "व्हॉट? इज इट राँग?" तिने विचारलं.

"नाही बाळ," काका म्हणाले. "बरोबर आहे. पास."

परत निघालो. गाडी सुरू झाली आणि पिंग पिंग असा आवाज यायला लागला. मी आरशात मागे बघितलं, अनघाने बघितलं. मागे सगळ्यांचे बेल्ट लावलेले. शेवटी काकूंनी मागच्या सीटवरून हात लांब करून काकांचा बेल्ट ओढला आणि मी तो खटक्यात अडकवला.

रविवारी मला दोह्यात, मुशैरिबच्या मुख्य ऑफिसात काम होतं. कंपनीच्या बसमध्ये बघतो तर काका, इस्त्रीच्या शर्टात. अल खोरहून दोह्यापर्यंत ते मुदतवाढ मागायचं वाक्य घोकत होते. 'अपवाद' हा शब्द आला की अडखळत, खिडकीबाहेर बघत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. मी त्यांना ढीगभर कारणं शिकवली: कामाचं हस्तांतर आहे म्हणा, नव्या माणसाला तयार करायचंय म्हणा, तब्येतीचं काही सांगा. काका मान डोलवत राहिले.

ऑफिसात करारांचं काम बघणारी बाई लेबनीज होती, कामाला चोख आणि चेहऱ्याने कडक. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेरच्या खुर्चीवर पेपर उलटा धरून बसलो होतो. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगतो.

"मुदतवाढ हवी आहे?" बाई म्हणाली. "तुम्हाला? कारण काय लिहू?"

मी शिकवलेलं एकही कारण काकांच्या तोंडून निघेना. मग म्हणाले, "माझ्या मुलीच्या गावात जत्रा आहे, मॅडम. तेवढी होईपर्यंत थांबायचं म्हणतो."

"मग रजा टाका आणि भारतात जाऊन या. त्याला मुदतवाढ कशाला?"

"भारतात नाही," काका म्हणाले. "अल खोरला."

आतून त्या कडक बाईचं खळखळून हसणं ऐकू आलं. "इन्शाल्ला," ती म्हणाली, "मी वर बोलते." काका बाहेर आले, रुमालाने मान पुसली आणि मला म्हणाले, "मागितलं राव. लई लाज वाटली. पण मागितलं." आठवड्याभराने वर्षअखेरपर्यंतची मंजुरी आली. जुईने कॉलनीभर नाचून घेतलं आणि अबोला संपला. काकूंची दुभाष्याची नोकरी गेली.

नोव्हेंबरात जुई गणवेश घालून स्टेडियमबाहेर उभी राहिली. हातात फोमचा भलामोठा पंजा, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट दाखवायला. फुटबॉलशी वैर असलेले काका तिकीट नसताना रोज तिथे हजर. नवख्या पाहुण्याचा आव आणून तिच्यासमोर जाऊन उभे राहत. "मॅडम, आय ऍम न्यू हिअर. विच वे?" ती गंभीर चेहऱ्याने पंजा हलवी, "धिस वे, सर." काका वळसा घालून पुन्हा रांगेत. एका दिवशी असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला जुई साऱ्या जगासमोर, खणखणीत मराठीत म्हणाली, "बाबा, आता पुरे! मागे लोक खोळंबलेत!" हे सबंध वाक्य काकांनी पुढे महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं, मराठी येत नसलेल्यांनाही.

जानेवारीत ते गेले. विमानतळावर काकू शांत होत्या, जुई शांत होती, आणि सेफ्टीकाका ढसाढसा रडले. सामानाच्या ढकलगाडीला टेकून, इतके की तिथल्या पोलिसाने पाण्याची बाटली आणून दिली. मलाही आवरेना. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला एकदाही खरं नाव घेऊन हाक मारली नव्हती, आणि तो जातोय म्हटल्यावर आता आपल्याला कोण ओळखणार असं काहीतरी वाटून गेलं.

आता काका साताऱ्यात असतात, जुई पुण्यात हॉस्टेलवर. काकांचा फोन शुक्रवारीच येतो, कारण तिथे राहूनही त्यांची सुट्टी अजून शुक्रवारचीच आहे. खोड्या तशाच चालू आहेत. आळीत कुणी मुलीची चौकशी केली की साळसूदपणे सांगतात, "आमची मुलगी परदेशी आहे. शिकायला भारतात आलीय." लोक चक्रावतात, काकू कपाळाला हात लावतात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मात्र फोनवर त्यांचा आवाज निराळा होता. "नंदी, पोरीचा फोन आलेला. जरा हिरमुसलीय. म्हटलं, घरची आठवण येते का? तर हो म्हणाली." मी म्हटलं, मग दोन दिवस साताऱ्याला बोलवा की. "मी काय खुळा आहे का?" काका म्हणाले. "मे महिन्यात लोक पोरांना गावी धाडतात. मी पण धाडतोय. तुमच्याकडे उतरेल. चालेल ना?"

मे महिना म्हणजे आमच्याकडे कॉलनी रिकामी व्हायचे दिवस. ऊन असह्य होतं आणि सगळी मराठी कुटुंबं मुलाबाळांसह देशाकडे पळतात. विमानं भरून जातात आणि येताना अर्धी रिकामी येतात. तशाच एका रिकाम्या विमानातून जुई आली. बाहेरच्या दारातून पाऊल टाकल्याबरोबर भट्टीसारखी झळ अंगावर आली. मी आणि अनघा तोंड झाकून गाडीकडे धावलो. मागे वळून पाहतो तर जुई बॅग खाली ठेवून तिथेच उन्हात उभी, डोळे मिटून, मोठा श्वास घेत.

तेवढ्यात फोन वाजला. काकांचाच होता.

"पोचली का पोरगी गावाला?"

"पोचली, काका," मी म्हटलं.